खुंटीवरचं हेल्मेट

१

साहेब रोपवाटिकेचं कुंपण तोडून आत गेले, तेव्हा मी एका दाढेत होते.

दाढ अगदी मागची, रुग्ण घाबरट, संध्याकाळची शेवटची वेळ. बाहेर आधी कुणीतरी "अरे, अरे, अरे!" असं चढत्या आवाजात ओरडलं. मग लाकूड मोडलं आणि मग एकामागून एक कुंड्या फुटायला लागल्या. माझ्या खुर्चीतला माणूस तोंडात कापूस घेऊनच उठून बसला. मी हातमोजेही न काढता धावले.

माझा दवाखाना उताराच्या पायथ्याशी आहे, रोपवाटिकेला लागून. कुंड्यांच्या ढिगात साहेब उताणे पडले होते, हेल्मेटच्या फटीत कुठल्याशा झुडपाची फांदी अडकलेली, आणि त्यांची ती सुप्रसिद्ध हलकी सायकल पलीकडे गवतात. मी दातांची डॉक्टर आहे, पण खांद्याचं हाड मोडलंय हे कळायला दातांच्या फार पलीकडचं शिकावं लागत नाही.

"ब्रेक," साहेब कण्हत म्हणाले. "ब्रेक लागलेच नाहीत."

भोवती माणसं जमली. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ चावला आणि जरा मोठ्याने म्हणाले, "कुणीतरी हात लावलाय माझ्या सायकलला."

हे साहेब म्हणजे टेकडीवरच्या कार्यालयातल्या एका विभागाचे प्रमुख. शहराच्या जमिनीखालून पाण्याचे नळ कुठून कुठे जातात याचे नकाशे तिथे तयार होतात. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली काम करतो. घरात सगळे त्याला नुसतं धाकटा म्हणतात आणि आता त्याला मिशा फुटून जमाना झाला तरी त्यात बदल झालेला नाही.

मी घरी पोचले तेव्हा धाकटा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोरचं ताट जसंच्या तसं होतं. आई त्याच्या मागे उभी होती आणि पदराशी चाळा करत होती.

"ताई," तो म्हणाला, "साहेबांच्या सायकलचा मागचा ब्रेक कुणीतरी काढून नेलाय. पुढचा सैल केलाय. आणि शेडमध्ये त्यांची सायकल लावतात तिथे जमिनीवर एक पाना सापडलाय."

"बरं मग?"

"त्याच्या दांड्याला निळं रबर गुंडाळलेलं आहे."

ते रबर मी माझ्या हाताने गुंडाळलं होतं. दाताभोवती ताणून बसवायचं असतं ते. हातातून पाना निसटू नये म्हणून मीच त्याला दिलं होतं. तसा दुसरा पाना साऱ्या शहरात नसेल.

२

गेली काही वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून मी एक शर्यत बघते आहे, जी होतच नाही.

रोज सकाळी टेकडीवरची मंडळी सायकलने कामाला येतात. पुलापर्यंत कशीही येतात. पूल ओलांडला की सगळ्यांच्या माना खाली जातात आणि माझ्या खिडकीसमोरून वर जाताना त्यांचे चेहरे असे असतात, जणू सहज फेरफटका मारायला निघालेत. पायांचं मात्र वेगळंच चाललेलं असतं. या न होणाऱ्या शर्यतीचे नियम कडक आहेत. मागे वळून बघायचं नाही. कुणाला मागे टाकलं तर समोरच्या झाडाकडे बघायचं. वर पोचल्यावर धापा टाकायच्या नाहीत, मग छाती फुटली तरी चालेल. जो पहिला पोचतो तो दाराजवळच्या खुंटीवर आपलं हेल्मेट अडकवतो, कपात चहा ओततो आणि खिडकीशी उभा राहतो, जणू केव्हाचाच आलाय. 'शर्यत' हा शब्द त्या इमारतीत आजवर कुणी उच्चारलेला नाही.

खुंटीचे दावेदार दोन होते, साहेब आणि धाकटा. मग काही महिन्यांपूर्वी टोपी आला. हेल्मेटखाली कापडी टोपी घालतो म्हणून टोपी. सुटलेलं पोट, जाडसर सायकल, आणि तरी चढावर दोघांना मागे टाकून शीळ घालत जायचा. चौथी सायकल कासवाची. नकाशे काढणाऱ्या एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या, काळी जड सायकल आणि पुढे टोपली. त्यांना या हिशेबात कुणी धरत नाही.

अपघाताच्या सकाळी साहेबांनी बऱ्याच दिवसांनी खुंटी जिंकली होती. आणि धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "चढावर काय, कुणीही उडतं. उतारावर कळेल एकेकाला." त्याच दुपारी पहारेकऱ्याने त्याला शेडमध्ये सायकलींपाशी वाकलेला पाहिला होता. आणखी काय हवं? खापर फोडायला डोकं तयारच होतं. परवा सकाळी बैठक, त्यात त्याला कामावरून काढायचं आणि प्रकरण पोलिसांकडे द्यायचं, असं वरून सांगितलं गेलं होतं.

"तू केलंस का?" मी विचारलं.

धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न परत गिळावासा वाटला. "नाही."

"मग शेडमध्ये काय करत होतास?"

गप्प.

"पाना तिथे कसा गेला?"

गप्प.

"अरे बोल की तिच्याशी," आई म्हणाली. "दातखीळ बसलीय का तुझी?"

"सांगितलं तर लोक हसतील," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला.

"आणि नाही सांगितलंस तर तुरुंगात जाशील."

माझा हा सख्खा भाऊ, चांगला शिकलेला, सरळ मनाचा. पण त्याने यावर खरोखर विचार केला. दोन्ही पारडी जोखून पाहिली. मला संताप आला आणि त्याच क्षणी काहीतरी लक्षातही आलं. हे दुखणं एकट्या धाकट्याचं नव्हतं. ते टेकडीवरच्या सगळ्यांचं होतं.

"साहेबांच्या सायकलला मी बोटसुद्धा लावलं नाही," तो शेवटी म्हणाला. "मी टोपीची सायकल बघत होतो."

"का?"

"कारण तो माणूस जिना चढला तरी धापा टाकतो, ताई. आणि त्या चढावर माझ्या पुढे जातो. मला बघायचं होतं की कसं. पहारेकऱ्याची चाहूल लागली आणि पाना हातातून पडला. टोपी साहेबांच्या शेजारीच सायकल लावतो."

"आणि ते 'उतारावर कळेल'?"

"टोपीला म्हणालो होतो. पण मी एकाकडे बघून दुसऱ्याला बोलत होतो. आमच्याकडे तसंच बोलतात."

त्याचं मला पटलं. पण मला पटून उपयोग नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या सगळ्या वेळा रद्द केल्या आणि टेकडी चढले. पायी.

कार्यालयाच्या संचालकबाई माझ्या जुन्या रुग्ण. त्यांच्या दोन दाढा आज तोंडात आहेत त्या माझ्या हट्टामुळे. तरी त्या पाघळल्या नाहीत. "डॉक्टर, भावाची माया मला कळते," त्या म्हणाल्या. "पण उद्या दहाला बैठक आहे. पुरावा असेल तर त्याआधी घेऊन या."

"आणीन," मी म्हटलं. कुठून, ते मला ठाऊक नव्हतं.

साहेबांची सायकल शेडच्या कोपऱ्यात तशीच ठेवली होती. मी आधी नुसती बघत राहिले. तिला घंटी नव्हती. मडगार्ड नव्हते, स्टँड नव्हता. हवा भरायच्या नळीवर इवलंसं झाकण असतं ना, तेही दोन्ही चाकांना नव्हतं. झाडाचा पाला ओरबाडावा तशी ती सायकल ओरबाडलेली होती आणि एवढं सगळं काही रोपवाटिकेच्या कुंपणाने काढलं नसणार.

मागचा ब्रेक खरंच नव्हता. हँडलवरची त्याची मूठ मात्र जागेवर होती, तारेशिवाय. ब्रेक ज्या भोकात बसतो ते भोक सांगाड्याच्या खालच्या अंगाला होतं. मी खिशातून तोंडात घालायचा छोटा आरसा काढला. लोक खिशात पेन बाळगतात, मी आरसा बाळगते. आरशात मला दिसलं की भोकावर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. कडा कात्रीने गोल कापलेल्या. आणि पट्टीवर डांबराचे बारीक शिंतोडे, वाळून घट्ट झालेले.

उताराच्या वळणावर गेल्या आठवड्यात डांबर घातलं होतं. माझ्या पायपुसण्यावर त्याचे डाग अजून आहेत. आता तो रस्ता वाळून खडखडीत झाला होता.

मग मी पुढचा ब्रेक पाहिला. चाक काढताना ब्रेकची रबरं बाजूला व्हावीत म्हणून तिथे एक लहानशी कळ असते. बोटाने फिरवायची, पाना लागत नाही. ती कळ उघडी होती. सगळे स्क्रू मात्र घट्ट होते.

"काही सापडलं का, डॉक्टर?"

मागे कासवबाई उभ्या होत्या, टोपली काखेत मारून. बाई हसऱ्या आहेत आणि कमी बोलतात, त्यामुळे त्यांना बरंच ऐकू येतं.

"त्या दिवशी सकाळी साहेब पहिले आले, तेव्हा तुम्ही होतात?" मी विचारलं.

"मी रोजच असते. सगळ्यांच्या आधी येते, दिवे लावते, चहाचं पाणी ठेवते. मग हे लोक येतात आणि पहिलं कोण आलं ते ठरवतात." त्यांनी हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. "साहेब शेडपासून पळत आले हो. दारापाशी पोचले आणि एकदम चालायलाच लागले. हेल्मेट खुंटीला लावलं, चहा घेतला, खिडकीशी उभे राहिले. कप नुसता थडथडत होता बशीवर."

"सायकलपाशी वाकले होते का? काही केलं त्यांनी?"

"वाकायला वेळ कुठे होता? मागून टोपी आणि तुमचा भाऊ आलेच की. आणि त्यांच्यासमोर सायकलशी खटपट करायची म्हणजे..." बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. तसं करायचं म्हणजे आपल्याला शर्यतीची पडलेली आहे हे दाखवणं. मला आता ही भाषा यायला लागली होती.

"दिवसभरात मग खाली आले का?"

"नाही. सारखे खुंटीकडे बघून हसत होते. हां, आणि परवा मिशी काढून आले. मी विचारलं तर म्हणाले, उकडतं. एवढी वर्षं नाही उकडलं ते."

मी आरसा पुसला आणि खिशात ठेवला. अर्धं माझ्या हातात आलं होतं. उरलेलं अर्धं कुणाच्या तोंडात आहे हेही मला कळलं होतं.

४

"तपासणी फुकट आहे," असं सांगून मी टोपीला दुपारी खुर्चीवर घेतला.

अपघाताच्या दिवशी दुपारी कोण कुठे होतं याचा प्रत्येकाने काहीतरी जबाब दिला होता. टोपीने "इथेच होतो" एवढंच सांगितलं होतं आणि जागेवर तर तो कुणालाच दिसला नव्हता. त्याच्या काखेत लाल पाण्याची बाटली होती. ती त्याने खुर्चीवर पडतानाही सोडली नाही.

"मोठं उघडा."

"आ."

चढावर सायकल मारणारा माणूस दात आवळतो. तोंडावर कितीही सहजपणा असू द्या, जबडा खोटं बोलत नाही. साहेबांच्या आणि धाकट्याच्या गालांवर, जबड्याच्या कोपऱ्यात, मी बोट दाबलं की दोघंही कळवळतात. धाकट्याला तर रात्री दातांत घालायला मी पट्टी करून दिली आहे. मी टोपीच्या जबड्यावर दोन्हीकडून बोटं दाबली. लोणी. माणूस रोज सोफ्यावर बसून टेकडी चढत असावा असा जबडा.

"दुखतं का?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"इथे?"

नाही.

"गुळणी करा. पाणी प्या थोडं, तोंड कोरडं पडलंय तुमचं."

त्याने टेबलावरचा माझा पेला उचलला.

"तुमची बाटली आहे की," मी म्हटलं.

टोपीचा हात बाटलीवर आवळला. मी ती हळूच त्याच्या हातातून घेतली. जड होती, आणि हलवली तर आत काही खळाळलं नाही.

त्या माणसाचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. "बॅटरी आहे," तो म्हणाला. "मागच्या चाकात मोटार आहे, लहानशी. बाहेरून दिसत नाही. दुपारी भांडारघरात चार्ज करत होतो, म्हणून जागेवर नव्हतो."

"मोटार लावणं हा गुन्हा नाही. लपवलीत कशाला?"

"मला फक्त घाम नको होता, डॉक्टर. पहिल्या दिवशी चुकून साहेबांच्या पुढे गेलो. त्यांनी असं झाडाकडे पाहिलं, की मला वाटलं, हा माणूस आता महिनाभर झोपणार नाही. मग सांगणार कसं? रोज वाटायचं, उद्या हळू जाऊ. पण..." तो थांबला. "खुंटीवर हेल्मेट लावायला बरं वाटायचं हो."

"साहेबांनी कधी काही विचारलं?"

"विचारतील कसे? एकदा फक्त म्हणाले, तुझी सायकल वजनाला किती आहे रे? मी म्हटलं, जड आहे, साहेब. त्यांना ते खरं वाटलं नाही."

मी हातमोजे काढून टोपलीत टाकले. "उद्या सकाळी माझ्यासोबत यायचं. बाटलीसकट."

"मी नाही येणार. सगळे काय म्हणतील?"

"माझ्या भावाची नोकरी जातेय," मी म्हटलं, "आणि तुम्हाला लोक काय म्हणतील याची पडलीय. येणार नसाल तर मी तुम्हाला उचलून नेईन. माझ्या मनगटात जोर आहे." मी हसत नव्हते आणि त्याला ते दिसलं.

५

साहेब घरी आले होते. उजवा खांदा बांधलेला, उशांना टेकून बसलेले, मिशीवाचून ओठ उघडाबोडका.

"या डॉक्टर," ते म्हणाले. "तुमच्या भावाबद्दल माझ्या मनात आकस नाही. तरुण आहे, होतं असं. पण शिस्त म्हणून..."

मला त्या माणसाचे उरलेले दात पकडीशिवाय काढावेसे वाटले. मी खुर्ची ओढून बसले. "तुम्ही अपघाताच्या दिवशी सकाळी पहिले आलात म्हणे."

"असेन," साहेब छताकडे बघत म्हणाले. "मी काही त्याकडे लक्ष देत नाही."

"उतारावर निघताना मागचा ब्रेक दाबून पाहिला होतात?"

"कशाला पाहीन? रोजची सायकल आहे."

"आणि पुढचा?"

त्यांनी डोळे मिटले. "मला दुखतंय," ते म्हणाले, आणि ते नक्कीच खरं होतं.

त्यांची बायको मला चहासाठी स्वयंपाकघरात घेऊन गेली. बाई वैतागलेल्या होत्या आणि मोकळ्याही. "जेवत नाहीत धड," त्या म्हणाल्या. "अर्धंच वाढ म्हणतात. बुटांच्या नाड्या आखूड करून घेतल्या. आणि माझा वजनाचा काटा, पीठ मोजायचा, तो कायम बाल्कनीत. परत आणला की त्यावर काळं वंगण! परवा पाव करायला घेतला तर काटा पुसण्यातच माझा अर्धा दिवस गेला."

"बाल्कनी बघू का?"

बाल्कनीत काटा होता. त्याच्या ताटलीवर बोटभर काळा डाग. शेजारी सुतळीने घट्ट बांधलेलं बुटांचं खोकं होतं.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"कोण जाणे. हात लावू देत नाहीत." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. "डॉक्टर, तुमच्या भावाला आई आहे ना?"

"आहे. काल रात्री जेवली नाही."

बाईंनी सुतळीकडे पाहिलं. "उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "संचालकबाईंना घेऊन. मी कात्री काढून ठेवते."

६

सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने बसलो. संचालकबाई पलंगाजवळच्या खुर्चीत, धाकटा दाराशी उभा, टोपी त्याच्या मागे लपलेला. साहेबांची बायको खिडकीशी उभी होती, हात पदराखाली.

"दहाला बैठक आहे, डॉक्टर," संचालकबाई म्हणाल्या.

"मग लवकर सांगते," मी म्हटलं. "ज्याला साहेबांना पाडायचं होतं, त्याला पुढचा ब्रेक सैल केला की पुरे होतं. मागचा अख्खा काढून खिशात घालून न्यायची गरज काय? बरं, नेला. पण मग त्याच्या भोकावर कात्रीने कापून पट्टी कोण लावत बसेल? ज्याला सायकलची काळजी आहे तो. आणि ती पट्टी अपघाताच्या दुपारची नाही. तिच्यावर वळणावरचं डांबर उडालंय, ओलं असताना. म्हणजे गेल्या आठवड्यातही मागचा ब्रेक नव्हता. इतके दिवस साहेब मागच्या ब्रेकशिवाय सायकल चालवत होते आणि त्यांना ते कळलं नाही?"

साहेब पांघरुणाची घडी सारखी करायला लागले.

"पुढच्या ब्रेकचा एकही स्क्रू सैल नाही. नुसती कळ उघडी आहे. त्याला पाना लागत नाही, त्यामुळे निळ्या रबराचा पाना शेडमध्ये असो नाहीतर चंद्रावर, त्याचा याच्याशी संबंध नाही. ब्रेकचं रबर रिमला किंचित घासतं. चढावर ते ओझं वाटतं. पुलापाशी कळ उघडायची आणि वर पोचून बंद करायची. वर पोचल्यावर मात्र मागून दोघं आले. त्यांच्यासमोर वाकून कळ बंद करायची कशी? सहज आलोय असं दाखवायचं असतं ना. म्हणून हेल्मेट खुंटीवर गेलं आणि कळ उघडीच राहिली. संध्याकाळी जिंकल्याच्या आनंदात साहेब ती कळ विसरून गेले."

"कल्पना आहे नुसती," साहेब म्हणाले. आवाज कोरडा होता. "मी असलं काही केलेलं नाही. कशासाठी करीन? मला काय कुणाच्या पुढे जायचंय?"

तेवढ्यात खिडकीपाशी कात्रीचा आवाज झाला. साहेबांच्या बायकोने खोकं पलंगावर ठेवलं आणि झाकण उघडलं. घंटी, स्टँड, मडगार्डचे तुकडे, दोन इवलीशी झाकणं, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेला मागचा ब्रेक.

"दुरुस्तीला काढला होता," साहेब लगेच म्हणाले.

माणूस बुडतानाही हट्ट सोडेना. संचालकबाईंनी घड्याळ पाहिलं. धाकट्याने मान खाली घातली. मी मागे हात केला आणि टोपीला पुढे ओढलं.

"ठेवा," मी म्हटलं.

टोपीने लाल बाटली खोक्याशेजारी ठेवली. "साहेब," तो म्हणाला, "ही बॅटरी आहे. माझ्या सायकलला मोटार आहे. पहिल्या दिवसापासून."

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. मग टोपीच्या पोटाकडे. मग पुन्हा बाटलीकडे. त्यांच्या मानेवरून लाली वर चढत गेली.

"मोटार?" ते म्हणाले. "मोटार! आणि मी इकडे नाड्या कापतोय? अर्धपोटी झोपतोय? अरे, मी मिशी काढली! घंटी काढली, स्टँड काढला, ब्रेक काढला मागचा, तरी तू पुढे! वाटलं, आपलं वय झालं. शेवटी पुढचासुद्धा उघडा टाकला त्या पुलावर, म्हटलं एकदा, फक्त एकदा याला..."

ते थांबले. साहेबांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते उशीवर मागे टेकले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मला पाडायचं नव्हतं कुणाला," ते धाकट्याकडे न बघता म्हणाले. "कुंड्यांत पडलो तेव्हा भोवती माणसं होती. तोंडातून निघून गेलं, कुणीतरी हात लावलाय म्हणून. मग पाना सापडला. मग ते माझ्या हातात राहिलं नाही."

"होतं तुमच्या हातात," मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "काल होतं, आजही होतं. एक वाक्य म्हणायचं होतं तुम्हाला. माझ्या भावाला तुरुंगात धाडायला निघालात, पण ते वाक्य म्हणवलं नाही. आता म्हणा."

साहेबांनी डोळे पुसले. जो हात बांधलेला नव्हता, त्याने.

"मी शर्यत लावत होतो," ते म्हणाले.

धाकटा दारातून पुढे आला. मला वाटलं ओरडेल. ओरडायचा हक्क होता त्याचा. पण तो पलंगाच्या कडेवर बसला. "मीही, साहेब," तो म्हणाला. "रोज."

संचालकबाई उठल्या. "बैठक रद्द," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्ही स्वतःच्या हाताने, म्हणजे त्या डाव्या हाताने, या मुलाची माफी लिहून फलकावर लावायची. सगळ्यांना दिसेल अशी." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि सायकलला ब्रेक लावायचे. दोन्ही."

"पण त्या दिवशी," साहेब मागून हळूच म्हणाले, "मी मोटारीच्या पुढे आलो होतो ना?"

टोपीने हसू दाबत मान डोलावली.

७

उतार उतरताना धाकटा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होता.

"ताई, तू मला विचारलंस, तू केलंस का म्हणून."

"विचारलं."

"म्हणजे तुला एक क्षण वाटलं होतं."

"वाटलं होतं," मी म्हटलं. "आणि लाजही वाटली. अजून वाटते."

त्याने एका खड्ड्याला वळसा घालून सायकल पुढे काढली. "मी त्या टेबलाशी बसून तुरुंग की हसू हे ठरवत होतो," तो म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं." मग त्याने माझी पिशवी माझ्या हातून घेतली आणि हँडलला अडकवली, आणि आम्ही घरी गेलो. आई दारातच उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं आणि तिने आधी त्याला मिठी मारली, मग एक धपाटा घातला.

साहेबांचा माफीनामा फलकावर लागला. डाव्या हाताचं अक्षर वाईट होतं, तरी सगळ्यांनी थांबून वाचलं. टोपीने सायकलवर सगळ्यांना दिसेल असं 'मोटार' लिहिलेलं लाल लेबल लावलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी धाकटा घरी आला तो विचारात.

"आज खुंटीवर कुणाचं हेल्मेट?" मी विचारलं. आता विचारता येत होतं.

"हेल्मेट नव्हतं. टोपली होती. कासवबाईंची." तो बूट काढत म्हणाला. "आम्ही पोचलो तर टोपली लटकलेली, आणि त्या खिडकीशी चहा पीत उभ्या. म्हणाल्या, मी इतकी वर्षं रोज पहिलीच येतेय, आज म्हटलं लावून बघावं."

मी हसले, आई हसली. धाकटा हसला नाही. तो घड्याळात पहाटेचा गजर लावत होता.